विलास, तू गजाननचं नाव घेतलंस

गेल्या आठवड्यात क्लबच्या खोलीत तुझी शोकसभा झाली, विलास. पहिले वक्ते म्हणाले, विलासराव म्हणजे गुणांचे पारखी. पोराच्या पायात काय आहे ते त्यांना एका नजरेत कळायचं. दुसरे म्हणाले, विलासराव म्हणजे मेहनतीचे भोक्ते. घाम गाळणाऱ्यालाच त्यांनी जवळ केलं. तिसऱ्यांनी तुला मनमिळाऊ म्हटलं. त्यावर मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. तो मी होतो.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो नाही. घसा बसलाय, अशी खूण केली. घसा ठीक होता. पण तुझ्याविषयी चारचौघांत 'ते असे होते, ते तसे होते' म्हणायचं, हे काही मला जमेना. आपण एवढी वर्षं बोललो ते समोरासमोर आणि बहुतेक वेळा वरच्या आवाजात. म्हणून जे बोलायचं ते तुलाच सांगतो. एरवी सुरुवातीलाच 'मध्ये बोलू नकोस' म्हणायची सवय आहे. या वेळी तेही म्हणायला नको.

आपली ओळख खडकीच्या मैदानावरची. तुझे वडील दारूगोळा कारखान्यात, घर क्वार्टरमध्ये, दाराबाहेर पाऊल टाकलं की मैदान. मी कसबा पेठेतला, मास्तरांचा मुलगा. आमच्या गल्लीत चेंडू मारला तर तो एक तर तांब्या-पितळेच्या दुकानात शिरायचा, नाही तर देवळात. मी सायकल मारत खडकीला यायला लागलो तेव्हा आमचे वडील म्हणाले होते, "फुटबॉल? का, चालून चपला पुरेशा झिजत नाहीत?"

तू डाव्या बाजूचा विंगर, मी राइट बॅक. सामन्यात आपण मैदानाच्या दोन टोकांना असायचो, पण प्रॅक्टिसमध्ये समोरासमोर. तू चेंडू घेऊन येणार आणि मी तुला अडवणार. अडवणार म्हणजे, तसा प्रयत्न करणार. तू डावीकडे झुकायचास. तू उजवीकडे जाणार हे मला माहीत असायचं. आणि तरीही मी डावीकडेच जायचो.

तू दिवसाआड यायचास, तोही उशिरा, निवांत चहा घेऊन. मी रोज. सगळे घरी गेल्यावर मी एकटा भिंतीवर चेंडू मारत राहायचो आणि तू कठड्यावर बसून म्हणायचास, "श्रीरंग, सोड तिला आता. भिंत थकली रे."

त्या काळी पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कारखान्यांचे स्वतःचे संघ असायचे. चांगला खेळाडू दिसला की त्याला नोकरी द्यायचे. निम्मा दिवस मशीनवर, निम्मा मैदानावर. अशाच एका कारखान्याच्या निवडीला आपण दोघं गेलो. मी महिनाभर पहाटे धावून तयारी केली होती. तू आदल्या दिवशी कोणाच्या तरी लग्नात नाचून आला होतास आणि पायमोजेही माझेच घातलेस. तुला घेतलं, मला नाही. परत येताना तुझी सायकल पुढे होती आणि तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस. मला वाटलं, आनंदात आहे. पुढे कितीतरी वर्षांनी तू सांगितलंस की मागे बघायची हिंमत होत नव्हती.

मी बँकेची परीक्षा दिली. मग देशाचं धोरण बदललं, बाजार खुला झाला, आणि तुझ्या कारखान्याला अचानक कळलं की फुटबॉलचा संघ पोसणं हा खर्च आहे. आधी संघ बंद झाला, मग तुझं खातं, मग स्वेच्छानिवृत्ती. 'स्वेच्छा' या शब्दावर तू जेवढा हसलास तेवढा कुठल्या विनोदावर हसला नसशील. इकडे आमच्या बँकेत कॉम्प्युटर आले. बाकीचे त्यांच्यावर कापड झाकून बसायचे. मी संध्याकाळचा वर्ग लावला आणि काही वर्षांत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागलो. म्हणजे काय करतोस, असं तू विचारलंस. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका बाहेर जायच्या आधी पकडायच्या, असं मी सांगितलं. तू म्हणालास, "म्हणजे अजून राइट बॅकच."

तू खडकी बाजारात खेळाच्या सामानाचं छोटं दुकान टाकलंस. एकदा गिऱ्हाईक नसताना तिथे बसलो होतो, तेव्हा तू म्हणालास, "तुला घेतलं नाही तेव्हा फार वाईट वाटलं होतं मला. आता वाटतं, लेका, तू सुटलास." तेव्हा मी विषय बदलला. आज बोलतो. सुटलो, हे खरं. पण त्या दिवशी मैदानाच्या कडेला उभं राहून मी तुला खेळताना पाहिलं आणि मला स्वच्छ कळलं, की हे आपल्याला कधीच येणार नाही, कितीही भिंती थकवल्या तरी. ते कळणं वाईट नव्हतं. त्यानंतर परीक्षा, वर्ग, नोकरी, जे जे केलं ते 'आपल्याकडे उपजत काही नाही, करावं लागेल' एवढ्या एका समजुतीवर केलं. ती समजूत मला तुझ्या डाव्या पायाने दिली. त्याचे आभार मानायचे राहिले. तू मानू दिले नसतेस म्हणा.

मग ती स्पर्धा आली. हिंजवडीला कंपन्या उभ्या राहिल्या होत्या, हातात पैसे होते, आणि त्यातल्या काहींनी मिळून शहरातल्या क्लबांची एक स्पर्धा सुरू केली. प्रत्येक संघाने थोडे जुने खेळाडू ठेवायचे आणि बाकीचे निवड चाचणीला आलेल्या पोरांमधून पाळीपाळीने उचलायचे. पाळीचा क्रम चिठ्ठ्या टाकून. आपल्या क्लबाच्या मागे माझी कंपनी उभी राहिली, म्हणून निवडायला मी; आणि तुला खेळ कळतो हे तुझ्या शत्रूंनाही मान्य होतं, म्हणून तू.

चाचणी दोन दिवस चालली आणि दोन्ही दिवस आपण भांडलो. तुझं म्हणणं असं, की पोराच्या पायात चेंडू असताना त्याच्याकडे बघायचंच नाही.

"चेंडू गेल्यावर काय करतो ते बघ," तू म्हणालास.

"गेल्यावर काय, सगळेच मागे धावतात."

"सगळे नाही धावत. मी नाही धावायचो."

माझं म्हणणं उलटं. धावणं शिकवता येतं, दम वाढवता येतो, वेळेवर येणं अंगवळणी पाडता येतं. पण चेंडू अंगावर आला की अंग कसं वळतं, ते शिकवता येत नाही. ते असतं किंवा नसतं. तू म्हणालास, "तुझं सगळं बरोबर, फक्त सकाळी उठणं शिकवता येत नाही, तेवढं सोडून. तो वर्ग मी स्वतः नापास झालोय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका शाळेच्या सभागृहात निवड होती. आपल्याला एकच पाळी उरली होती आणि आपल्या डोक्यात दोन नावं होती.

एक अमोल, येरवड्याचा. दोन्ही दिवस उशिरा आला. दुसऱ्या दिवशी तर हातात वडापाव होता. तो खाऊन झाला, हात पँटला पुसले, मैदानात आला, आणि लांबून आलेला चेंडू छातीवर घेऊन खाली पडायच्या आत दोघांच्या मधून काढून गेला. मी तुझ्याकडे पाहिलं. तू दुसरीकडे बघत होतास. मुद्दाम.

दुसरा गजानन. यवतमाळकडून आलेला, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये कंत्राटी कामगार, रात्रपाळी करून थेट मैदानावर आलेला. सगळ्यांच्या आधी हजर. चेंडू त्याच्या पायाला लागला की दगडाला लागल्यासारखा उडायचा. पण उडाला की हा त्याच्यामागे. दोन दिवसांत तो एकदाही चालताना दिसला नाही. मी विचारलं, "थकत नाहीस का रे?" तर म्हणाला, "थकतो ना जी. पण थांबलो का झोप येते."

सभागृहात लॅपटॉप घेऊन बसलेला संयोजक पोरगा म्हणाला, "खडकी, तुमचा टर्न. सर, नाव सांगा, फास्ट."

"अमोल," मी तुझ्या कानात म्हणालो.

"गजानन," तू माझ्या.

"विलास, हा पोरगा पहिल्या फेरीतच जायचा. उशिरा येतो म्हणून उरलाय. नशीब आहे आपलं."

"उशिरा येतो म्हणूनच नको."

"शिस्त लावता येते."

"कोणाला लावलीस? मला लागली?"

"अरे, तो कधीतरी एकटा सामना जिंकून देईल."

"कधीतरी. बाकीच्या सामन्यांना कोण येणार?"

"सर, टाइम," तो पोरगा म्हणाला.

तू हात वर केलास आणि मोठ्याने गजाननचं नाव घेतलंस. मी तोंड उघडेपर्यंत पडद्यावर ते आपल्या रकान्यात उमटलंसुद्धा. लगेच पुढच्या पाळीत शेजारच्या टेबलाने अमोलला घेतलं आणि तिथे टाळ्या वाजल्या.

परत येताना तू स्कूटर चालवत होतास. तुझ्या खांद्याला हात लागू नये म्हणून मी मागची स्टेपनी धरून बसलो होतो. तुझ्या घरी शोभावहिनींनी पानं वाढली. आपण दोघं खाली मान घालून जेवतोय हे बघून त्यांनी विचारलं, काय झालं. मग दोघंही एकदम बोलायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ह्यांनी तुम्हाला निवडलं, आणि भावजी, तुम्ही ह्यांना निवडत होतात. एवढंच ना? मग त्यात न बोलण्यासारखं काय आहे? भाजी वाढू?"

तू ताटाकडे बघत म्हणालास, "भात वाढ."

त्यानंतर आपण असंख्य वेळा भांडलो, पण वहिनींच्या त्या वाक्याचा विषय ना तू काढलास ना मी. तू ते ऐकलं होतंस की नव्हतंस, हे विचारायचं राहून गेलं. ऐकलं असणारच. भात तू रात्री खात नव्हतास.

त्या हंगामात गजाननने तुला खरं ठरवलं. बचावाच्या मधोमध तू त्याला उभा केलास. त्याचा टच सुधारला, म्हणजे दगडाचा विटेवर आला. पण समोरच्या संघाचे फॉरवर्ड त्याला बघून तोंड वाकडं करायला लागले, कारण हा पोरगा सोडतच नसे. दर वेळी त्याने चेंडू काढून घेतला की तू मला कोपराने ढोसायचास. पुढे पुढे मी तुझ्यापासून लांब उभा राहायला लागलो.

अमोलच्या संघाशी सामना होता तो दिवस आठवतो? गजानन त्याला सावलीसारखा चिकटला होता. अमोल अर्धा वेळ नुसता कमरेवर हात ठेवून उभा. मग कुठून तरी त्याला चेंडू मिळाला, त्याने पाठ फिरवली, गजानन तिकडे गेला, आणि अमोल चेंडूसकट इकडून निघून गेला. गोल होणार हे सगळ्यांना दिसलं. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "वा!" तू होतास. आपल्यावर गोल होत होता आणि तू वा म्हणालास. मी बघितलं तर तू लगेच बुटाची नाडी बांधायला खाली वाकलास. तुझ्या पायात चपला होत्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गजाननचा गुडघा गेला. जवळपास कोणी नव्हतं, कोणी धक्का दिला नाही. धावता धावता तो खाली बसला आणि उठला नाही. दवाखान्यात गुडघ्यावर ओढलेला पायमोजा काढला तेव्हा आत घट्ट बांधलेली पट्टी निघाली. ती काही त्या दिवशीची नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट आधीच फाटलेलं होतं, हा त्यावरच खेळत राहिला. आता खेळणं विसरा.

तू विचारलंस, "सांगितलं का नाहीस?"

गजानन म्हणाला, "सांगतलं असतं तर तुम्ही मले बाहेर बसवलं असतं ना जी."

दवाखान्याच्या पायरीवर मी तुला सोडलं नाही. मी म्हणालो, "मेहनती माणूस निवडलास. मेहनती माणूस दुखतंय म्हणत नाही, हे धरलं होतंस का हिशेबात?"

त्या वादात मी जिंकलो, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. मग तू म्हणालास, "त्याला चहा नेऊन देऊ."

लंगडणारा कंत्राटी कामगार भोसरीत कोण ठेवणार? त्याचं काम गेलं. तू त्याला दुकानात घेऊन आलास. तो म्हणाला, "सर, मी अथी काय करू? मले इंग्रजी नाई येत." तू म्हणालास, "मला तरी कुठे येतं? बस." तो बसला आणि आजही तिथेच आहे. पुढे सकाळच्या लहान मुलांची प्रॅक्टिस तू हळूहळू त्याच्यावर सोपवलीस. तो मैदानावर आलेल्या प्रत्येक पोराला आधी विचारतो, "काही दुखते काय?" आणि पोरगं नाही म्हणालं तरी गुडघे दाबून बघतो.

अमोलला त्याच्या संघाने हंगाम संपायच्या आतच काढून टाकलं. यायचाच नाही. दोन सामने जिंकून दिले आणि तीन सामन्यांना फिरकला नाही. पुढे कॉल सेंटरमध्ये लागला असं कानावर आलं. मी तुला म्हणालो, "त्यांना सांभाळता आला नाही. आपण सांभाळला असता."

"कोण आपण? कंपनीचं काम डोक्यावर आलं की तू स्वतः महिनाभर मैदानावर दिसत नाहीस."

"तू होतास की."

"मी?" तू म्हणालास. "मी कशाला?" आणि गिऱ्हाईकाला शटलकॉक दाखवायला उठलास.

वाद तिथेच लटकला. त्यानंतर दर वर्षी नवी पोरं आली, तू तुझी बाजू लावलीस, मी माझी. कधी तुझं खरं झालं, कधी माझं, बहुतेक वेळा दोघांचंही नाही. एक तर दोघांनाही न आवडलेला पोरगा पुढे राज्याच्या संघात गेला. तो कोणी निवडला होता यावर आपण दोघंही हक्क सांगायचो.

आणि मग तू दुकानात बसल्या बसल्या गेलास. गजाननचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीला होतो. मी येईपर्यंत सगळं आवरलं होतं. गजाननने एवढंच सांगितलं, "सरांनी पाणी मागतलं. मी आणेपर्यंत..."

शोकसभेनंतर मी वहिनींना भेटायला घरी गेलो होतो. तिथे एक माणूस बसला होता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, केस थोडे विरळ झालेले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ओळखलंत का? आपला अमोल. येरवड्याचा."

आपला? मी बघतच राहिलो. त्याच्या हातात तुमच्या घरातला चहाचा कप होता आणि साखरेचा डबा कुठे आहे हे त्याला माहीत होतं.

"तू विलासला ओळखत होतास?" मी विचारलं.

"सर, ॲक्च्युअली आम्ही रविवारी खेळायचो ना."

"कोण आम्ही?"

"मी आणि विलास सर. आमच्या वस्तीच्या मागे मोकळी जागा आहे. दोन दगड इकडे, दोन दगड तिकडे."

"कधीपासून?"

"मला टीममधून काढलं तेव्हापासून. सर एका रविवारी घरी आले. मला वाटलं, आता लेक्चर देणार. म्हणाले, चेंडू आहे का."

"शिकवायचे तुला?"

"छे! नुसतं खेळायचे. वन टू वन. हरले की जाम चिडायचे. दगड सरकवलास म्हणायचे." तो हसला आणि मग त्याला हसू आवरायला वेळ लागला, कारण ते हसू राहिलं नव्हतं.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ह्यांनीच मला बजावलं होतं, श्रीरंगला सांगू नकोस. तो म्हणेल, मी जिंकलो."

म्हटलं असतं, विलास. नक्की म्हटलं असतं. त्या स्कूटरवर तू होळकर पूल ओलांडून दर रविवारी येरवड्याला जायचास, आणि मला सांगायचास की दुकानाचा माल बघायला चाललोय. मला राग आला. राग शमल्यावर लक्षात आलं की तो राग नव्हता, हेवा होता. तुझ्यासमोर उभं राहून तुला अडवायचं काम माझं होतं. तुझं पोट सुटल्यावर, दम कमी झाल्यावर तर ते मला कदाचित जमलंही असतं.

अमोल निघाला तेव्हा मी त्याच्याबरोबर खाली उतरलो. बाईकला किल्ली लावून तो म्हणाला, "सर, विलास सरांनी सांगितलं होतं मला. तुम्ही मला घेणार होतात ना त्या वर्षी?"

"हो."

"बरं झालं नाही घेतलंत. मी तुम्हालाही फसवलं असतं."

"का यायचा नाहीस रे तू?"

त्याने जरा विचार केला. "माहीत नाही सर. सगळे म्हणायचे, देवाने दिलंय तुला, वाया घालवू नकोस. दिलं देवाने, बघणार लोक, मग त्यात मी कुठे? असं काहीतरी वाटायचं. विलास सरांनी ते कधी म्हटलं नाही. ते म्हणायचे, तू दगड सरकवलास."

यात माझी बाजू खरी ठरली की तुझी, ते मला अजून कळलेलं नाही. तू त्याला संघात घेतलं नाहीस, पण सोडलंही नाहीस. संघासाठी जे नको होतं ते तुला स्वतःला हवं होतं. हे तू एकदा मला सांगितलं असतंस, तर मी जिंकलो म्हणालो असतो, दोन दिवस मिरवलो असतो, आणि पुढच्या रविवारी गोलकीपर म्हणून तुझ्याबरोबर आलो असतो.

मी अमोलला म्हणालो, रविवारी सकाळी क्लबवर ये, लहान पोरं असतात. तो "बघतो" म्हणाला. 'बघतो' म्हणजे नाही, हे मी तुझ्या सहवासात शिकलोय, म्हणून वाट पाहिली नाही.

काल रविवार होता. गजानन उजाडायच्या आधीच येऊन पांढऱ्या फक्कीने रेघा मारून मोकळा झाला होता. पोरांचे गुडघे तपासून झाले, धावणं सुरू झालं. मी कडेला उभा होतो. प्रॅक्टिस अर्धी झाली असेल, तेव्हा अमोल आला. खेळायचे बूट नव्हते, ऑफिसला जाताना घालतात तसले जोडे होते. एक चेंडू घरंगळत त्याच्याकडे गेला. त्याने तो जोड्याच्या टोकाने वर उचलला, गुडघ्यावर घेतला, खांद्यावर घेतला, आणि पाठीवरून खाली सोडून टाचेने परत गजाननकडे ढकलला. सगळी पोरं धावायची थांबली. रांग मोडली. एका लहानग्याने तसंच करायला जाऊन सपशेल लोळण घेतली आणि उठून पुन्हा चेंडू मागितला.

गजानन लंगडत माझ्याकडे आला. "सर, याले सांगा ना काही. अर्धी प्रॅक्टिस झाल्यावर येते आन् पोराईची लाइन मोडते. अशानं हे पोरं धावतीन काय?"

अमोल तिकडूनच ओरडला, "दोन मिनिटं, सर! बघू द्या ना त्यांना!"

पोरंही माझ्याकडे बघायला लागली. गजानन कमरेवर हात ठेवून उभा. मी बोलायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो, विलास. कोणाच्या बाजूने बोलायचं, तेच मला कळेना. माझी बाजू ठरायची ती नेहमी तू बोलून झाल्यावर.